ॲलिस स्प्रिंग्जला येण्यापूर्वी: रंगकाम, व्यसन आणि आदिवासी तरुण

एम.एस.डब्ल्यू. आणि चित्रकलेची पदविका हाती आहे, पुण्यातील व्यसनमुक्ती केंद्रात तीन वर्षे भित्तिचित्रांच्या कार्यशाळा घेतल्या आहेत. तर ऑस्ट्रेलियातील आदिवासी तरुणांमध्ये दारू आणि अमली पदार्थांविषयी जागृतीचे काम मिळेल का आणि त्याची तयारी कशी करावी, असे तुम्ही विचारले आहे. मी नऊ वर्षे ॲलिस स्प्रिंग्ज येथे समाजकार्य करते आहे, त्यामुळे माझे उत्तर मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटापुरते आहे.

कागदपत्रांचे आधी सांगते. स्थलांतरासाठी समाजकार्याच्या पदवीचे मूल्यमापन ऑस्ट्रेलियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्स ही संस्था करते. क्षेत्रकार्याचा सविस्तर तपशील असलेले महाविद्यालयाचे पत्र पुण्यात असतानाच मिळवा. इथून ते मिळवताना माझे पाच महिने गेले. नॉर्दर्न टेरिटरी, म्हणजे ॲलिस स्प्रिंग्ज ज्या प्रांतात आहे त्याच्या सरकारच्या शिफारशीने १९० किंवा ४९१ क्रमांकाचा व्हिसा मिळू शकतो, आणि मुलांबरोबर काम करायला ‘ओकर कार्ड’ हा परवाना लागतो. कित्येक पदे आदिवासी उमेदवारांसाठीच राखीव असतात आणि ते योग्यच आहे. नोकरी समाजकार्याचीच शोधा, चित्रकला तिच्या पोटात येईल.

आता तुमच्या आराखड्याविषयी. स्प्रे पेंटने रंगवलेली मोठी भिंत, त्यावर बाटली, कवटी, विळखा घालणारा साप आणि खाली घोषवाक्य, असा तो आहे. तो घेऊन येऊ नका, असे मी मनापासून सांगते.

पहिले कारण रंगाचेच आहे. या भागातील मुलांनी अनेक वर्षे पेट्रोल हुंगले. मेंदू कायमचे अधू झाले, जीव गेले. युएन्डुमू या गावात वार्लपिरी या आदिवासी समाजाच्या वडीलधाऱ्यांनी १९९४ साली स्वतःच त्यावर उपाय सुरू केला: हुंगणाऱ्या मुलांना गावापासून लांब, माउंट थिओ येथील वस्तीवर नेऊन ठेवायचे, तिथे शिकार, गोष्टी आणि वडीलधाऱ्यांची सोबत, आणि इकडे गावात उरलेल्या मुलांसाठी रोज काहीतरी उद्योग. पुढे २००५ पासून ओपल हे नशा आणणारी द्रव्ये कमी असलेले, हुंगून नशा न देणारे पेट्रोल पंपांवर आले आणि हुंगणे खूप कमी झाले. पण स्प्रे पेंटच्या डब्यातील वायूनेही तीच नशा होते. म्हणून आमच्याकडे फक्त पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक रंग वापरतात, मार्कर मोजून देतात आणि मोजून परत घेतात. व्यसनाविरुद्धच्या कार्यशाळेतूनच मुलांच्या हाती नशेचा डबा जाणे, याहून वाईट काय असेल?

दुसरे कारण मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पहिल्या कार्यशाळेला मी बाटलीभोवती नाग काढून नेला होता. चौदा ते सतरा वयाची आठ मुले आली, त्यांनी निमूटपणे रंग भरले आणि एक शब्दही न बोलता निघून गेली. विषय पोचला, असे मला वाटले. दुपारी गावातील एका आजींनी मला शेजारी बसवून घेतले आणि सांगितले की, सापाची कथा एका विशिष्ट कुटुंबाची आहे, त्या कुटुंबातील दोन मुले खोलीत होती, आणि मी त्यांच्या पूर्वजाला दारूच्या बाटलीला गुंडाळले होते. मला पुढे काही बोलता आले नाही.

वार्लपिरी समाजात चित्र हे मालकीचे असते. भूमीची कथा, जिला ते जुकुर्‌पा म्हणतात, वडिलांकडून ज्यांना मिळते ते किर्दा, आणि आईकडून ज्यांचे नाते असते ते कुर्दुंगुर्लू; किर्दांनी रंगवायचे आणि कुर्दुंगुर्लूंनी ते बरोबर होते आहे ना हे पाहायचे. आपल्याकडे डहाणू-जव्हारच्या वारली घरात लग्नाचा चौक सवाशिणींनीच लिहायचा असतो; तिथे बाहेरच्याने ब्रश उचलला तर कसे होईल, याचा विचार करा. पापुन्या या आदिवासी गावातील शाळेच्या भिंतीवर १९७१ साली मधमुंगीचे चित्र रंगले तेव्हा जेफ्री बार्डन या शिक्षकाने प्रोत्साहन दिले, परंतु रंगवले ते गावातील जाणत्या पुरुषांनी. युएन्डुमूच्या शाळेची ३० दारेही तिथल्या वडीलधाऱ्यांनीच आपल्या कथांनी रंगवली. ती आता ॲडलेडच्या संग्रहालयात आहेत. जिथे अनेक वर्षे सरकारी धोरण मुलांना त्यांची भाषा आणि रीत विसरायला लावत होते, तिथे शाळेच्या दारावर आपल्याच आजोबांची कथा पाहणे मुलांसाठी किती मोठे असेल, हे शब्दांत सांगणे कठीण आहे. व्यसनाचे मूळ या तुटण्यातही आहे, आणि माझ्या मते घोषवाक्यापेक्षा ही दारेच खरी जागृती करतात.

त्यानंतरच्या कार्यशाळा त्याच आजींच्या सांगण्याप्रमाणे झाल्या. झाडाखाली ताडपत्री, काळ्या रंगाचा हात दिलेले कॅनव्हास, बांबूच्या काड्या; आजी बसतील तिथेच मुलांनी बसायचे. काडीचे टोक रंगात बुडवायचे, टेकवायचे, उचलायचे. तासभर असे ठिपके देणाऱ्या एका मुलाने मान वर न करता त्याच्या भावाच्या दारूविषयी सांगितले. मी काही विचारले नव्हते. तिथे थेट प्रश्न आणि डोळ्याला डोळा भिडवणे उद्धटपणाचे वाटते, चारचौघांत एकट्याला पुढे करणे मुलांना फार लाजिरवाणे होते, त्याला ते ‘शेम’ म्हणतात. दवाखान्याची नर्सही ठिपके द्यायला बसते आणि गांजाने झोप, भूक, मन यांचे काय होते हे कोणी विचारले तर सांगते. गांजाला इथे ‘गुंजा’ म्हणतात, हा आपलाच शब्द इथवर आला आहे.

एक समज पुण्यातच सोडून द्या. दारू मुळीच न पिणाऱ्यांचे प्रमाण आदिवासींमध्ये इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा जास्त आहे, आणि कितीतरी गावांनी स्वतः होऊन दारूबंदी केली आहे. जे पितात त्यांच्यापैकी अनेकांचे पिणे धोकादायक असते, हेही खरे. पण ‘सगळे पितात’ या समजुतीने काढलेले चित्र न पिणाऱ्या आजीचा अपमान करते, आणि तुमचे काम नेमके तिच्याच आधाराने चालायचे असते.

मृत व्यक्तीचे नाव किंवा छायाचित्र कुटुंबाच्या संमतीशिवाय भिंतीवर येऊ देऊ नका. कोणी वारले की गाव शोकात जाते आणि कार्यशाळा पुढे ढकलावी लागते. निधी देणाऱ्यांना हे करारातच लिहून द्या. रंग, काड्या, वाहनाचे इंधन यांइतकाच महत्त्वाचा खर्च वडीलधाऱ्यांच्या मानधनाचा असतो, तो अंदाजपत्रकात वेगळा दाखवा.

एका वर्षाच्या करारावर येऊ नका. मुले पहिले वर्ष तुम्ही टिकता का हेच पाहतात, कारण त्यांनी शिक्षक आणि कार्यकर्ते येताना-जाताना पाहिले आहेत. निदान तीन वर्षे राहता येत असेल तर मार्च-एप्रिलमध्ये या. इथले ऋतू आपल्या उलट असल्याने तोवर उन्हाळा ओसरलेला असतो आणि गावांकडचे मातीचे रस्ते बहुधा उघडे असतात. गिअरची मोठी गाडी चालवण्याचा सराव पुण्यातच करून ठेवा.