मेंदूच्या टीबीत सोडियम घसरलं, घरून मीठ-पाणी पाजू का?

नका पाजू. आधी हे सांगते, बाकीचं सावकाश वाचा.

तुमच्या वडिलांना टीबी मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी आहे, रक्तातलं सोडियम 118 आलंय, एका डॉक्टरांनी पाणी तोडलं आणि दुसऱ्यांनी सलाइन वाढवलं. मग खरं कोणाचं, असं विचारलंत. मी मेडिसिन आयसीयूत स्टाफ नर्स आहे. दोघंही आपापल्या वेळी बरोबर असू शकतात.

सोडियम 135 ते 145 हवं. या आजारात ते उतरतं ते जेवणात मीठ कमी पडलं म्हणून नव्हे. कधी शरीर पाणी धरून बसतं आणि सोडियम पातळ होतं, तेव्हा पाणी मोजून द्यायचं. कधी किडन्या मीठ आणि पाणी दोन्ही बाहेर टाकत सुटतात. अशात पाणी तोडलं तर पेशंट सुकतो, बीपी पडतं, आधीच सुजलेल्या मेंदूला रक्त कमी पोचतं. पंचाईत अशी की रक्त-लघवीचे रिपोर्ट दोन्हीत जवळपास सारखेच दिसतात. म्हणून लघवी किती होतेय ते बघायला आमचा सगळा जीव युरिन बॅगेत!

एका नाइटला मी एकाच पेशंटची बॅग चारदा रिकामी केली. जीभ लाकडासारखी कोरडी, आणि चार्टवर ऑर्डर 'पाणी कमी द्या'. मी सरांना फोन केला. त्यांनी येऊन तपासलं आणि ती ऑर्डर खोडली. ती बॅग नातेवाइकांनी न सांगता ओतली असती तर कोणाला काहीच कळलं नसतं. गुपचूप पाजलेल्या नारळपाण्याचंही तेच. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडंच, आणि आमचा हिशेब बिघडतो तो वेगळाच.

"काल 118, आज 124, एवढंच?" असं वाटेल. पण एवढंच हवंय. चोवीस तासांत 8-10 अंकांच्या वर चढवत नाहीत. घाईने चढवलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण झडतं आणि काही दिवसांनी बोलणं, गिळणं, हातपाय सगळं अडतं. फिट आली किंवा शुद्ध हरपत चालली, तरच 3 टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं सलाइन थोडं झटपट देतात, तेही मोजून.

राउंडला डॉक्टरांना इतकंच विचारा: "बाबांच्या अंगात पाणी जास्त आहे की कमी?" आकडीची गोळी चालू असेल तर तीही दाखवा, कार्बामॅझेपिनने सोडियम आणखी उतरतं. बाबा अचानक बरळायला लागले किंवा जास्त झोपाळले, तर सकाळची वाट न पाहता सिस्टरला उठवा. टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड मात्र स्वतःहून बंद करू नका. मूळ सूज उतरली की सोडियमही सहसा सावरतं.