आईची किडनी घेतली आणि ती टिकली नाही तर?

"मॅडम, किती वर्षं चालेल?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता पेशंट खुर्चीवर बसायच्या आधीच मला कळतं हा काय विचारणार. मी पुण्यात डायलिसिस आणि ट्रान्सप्लांटच्या पेशंटचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. गेल्या महिन्यात परत तिघांनी तेच विचारलं म्हणून ही एक केस लिहितेय. नाव-गाव बदललंय, आणि पाच महिन्यांच्या भेटी अगदी थोडक्यात आल्यात.

निलेश म्हणू त्याला. वय ३१, चाकणला कंपनीत नोकरी, गाव साताऱ्याकडचं. आठ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई ५५ वर्षांची, ब्लड ग्रुप जुळला, तिच्या सगळ्या टेस्ट चांगल्या आल्या, डॉक्टर हो म्हणाले आणि ऐनवेळी हाच नाही म्हणून बसला. बायको रडून रडून थकली, मग माझ्याकडे घेऊन आली.

आल्या आल्या त्याने मोबाईल पुढे केला. "हे बघा, १२ वर्षं लिहिलंय. म्हणजे मी ४३चा झालो की परत मशीनवर. मग आईची किडनी वाया घालवायची कशाला?"

आता आकडे नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. त्याने वाचलेला आकडा मेंदूमृत व्यक्तीकडून मिळालेल्या किडनीचा होता. अमेरिकेत २०१४ ते २०१७ या काळात झालेल्या ट्रान्सप्लांटचा अंदाज असा आहे की मृत डोनरची किडनी साधारण ११.७ वर्षं आणि जिवंत डोनरची १९.२ वर्षं. आणि ही काही एक्सपायरी डेट नाही, तेवढी वर्षं झाल्यावरही निम्म्या लोकांच्या किडन्या चालू असतात आणि त्यातल्या कित्येक पुढेही बरीच वर्षं चालतात. हे सगळं मी त्याला कागदावर काढून दाखवलं, त्याला पटलं पण. आणि पुढच्या भेटीत तो नवीन आकडा घेऊन हजर! "डोनरला किडनी फेल व्हायचा धोका आठपट वाढतो म्हणे."

खोटं नव्हतं ते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १५ वर्षांत दर १०,००० डोनरमागे साधारण ३१ जणांची किडनी निकामी होते असं दिसलं, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्या लोकांत ४. आठपट खरंच, पण १०,०००मध्ये ३१. मी डोनरपासून हे कधी लपवत नाही, "काही होत नाही हो" म्हणणं मला फसवणूक वाटते.

पण तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला आकडा नकोच आहे, त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी आहे. मी विचारलं, "समजा गेली किडनी १२ वर्षांनी, तर तुम्ही स्वतःला काय म्हणाल?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आईचं घेतलं आणि सांभाळता आलं नाही. ती टिकलीच पाहिजे मॅडम, नाहीतर मी नालायक."

त्या "टिकलीच"मधल्या "च"वर मी बोट ठेवलं. माझं शिक्षणच असे हट्टाचे शब्द पकडायच्या पद्धतीचं आहे, माणसाला प्रसंग जितका छळतो त्यापेक्षा त्याचा स्वतःवरचा हट्ट जास्त छळतो हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय. "टिकावी, त्यासाठी मी जमेल ते सगळं करीन" असं म्हणणारा माणूस काळजी घेतो. "टिकलीच पाहिजे" म्हणणारा एकतर घ्यायलाच घाबरतो नाहीतर घेतल्यावर लपवतो. हे लपवणं फार महागात पडतं. गोळी चुकली तरी घरी सांगत नाहीत, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते रक्तातून सांगणारा आकडा) वाढलं तर रिपोर्ट दडवून ठेवतात, कारण आईला तोंड कसं दाखवू.

आईंना मी एकटीला भेटले. डोनरशी एकट्याने बोललंच पाहिजे, घरच्यांसमोर कुणी "भीती वाटते" म्हणत नाही, त्यात बाई असेल तर नाहीच नाही, आणि आपल्याकडे देणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. डोनर अगदी शेवटच्या दिवशीही माघार घेऊ शकतो हे मी त्यांना आधी सांगितलं. त्या म्हणाल्या, "भीती हाय की. पन मला कुनी इचारलंच न्हाई, समदे त्यालाच इचारत्यात."

शेवटी दोघांना एकत्र बसवलं आणि मी त्यांना हेरिक भावांची गोष्ट सांगितली. १९५४, बोस्टन, जगातलं पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट, डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं. रोनाल्डने जुळ्या भावाला, रिचर्डला किडनी दिली. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगला. देणारा रोनाल्ड ७९ वर्षांचा होऊन २०१०मध्ये गेला.

निलेश लगेच, "आठच वर्षं?"

आईंनी विचारलं, "लगीन झालं का त्याचं?"

"झालं," मी म्हटलं, "तिथल्याच नर्सशी. दोन मुली झाल्या."

"मंग झालं की." आणि निलेशकडे वळून, "तू मला हिशोब देनार आसशील तर मी न्हाई देत बघ. दिल्यावर ती तुजी. गोळ्या टायमात घ्यायच्या, पुढचं पुढं."

निलेश रडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा, बायको नंतर म्हणाली. मी त्या वेळी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्या कामातला तो चांगला निर्णय होता असं मला आजही वाटतं.

तुमच्या घरी हे चालू असेल तर एवढं करा. देणाऱ्याला वेगळं बसवून विचारा. घेणाऱ्याला "आईने एवढं केलं, आता सांभाळ हो" असं येताजाता ऐकवू नका, त्याचं ओझंच होतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमससारख्या गोळ्या रोज ठरलेल्या वेळेलाच, बरं वाटतंय म्हणून एकही बंद नाही, पपनस खायचं नाही, दुखलं की मनाने पेनकिलर नाही. आणि डोनरची पण दरवर्षी बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन ही तपासणी, ती सगळ्यात आधी विसरली जाते.

ऑपरेशनला आता तीन वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात निलेशचं क्रिएटिनिन १.२चं १.७ झालं तेव्हा त्याने रिपोर्ट हातात आल्या आल्या आधी डॉक्टरांना आणि मग आईला फोन केला. बायोप्सी झाली, औषधं बदलली, परत खाली आलं. आई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस," आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या तपासणीला आल्या तेव्हा निलेशच त्यांना गाडीवरून घेऊन आला होता.