वहीत दिवसाला वीस आकडे

"आत्ता १३४ होतं, तासाभरात १५८ कसं झालं? यांना पुन्हा झटका येणार का?"

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसांच्या घरून मला रक्तदाबाच्या, म्हणजे बीपीच्या आकड्याबद्दलचा हा प्रश्न औषधांपेक्षा आणि व्यायामापेक्षाही जास्त वेळा विचारला जातो. काकूंनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काकांना झटका येऊन तीनेक महिने झाले होते. उजवी बाजू लुळी पडली होती, ती बरीच सुधारली होती. काठी घेऊन चालत होते, बोलताना मात्र शब्द अडकत. काकूंची खरी तक्रार वेगळीच निघाली. "हल्ली पट्टा बांधूच देत नाहीत. हात ओढून घेतात, चिडतात. आणि मला मोजल्याशिवाय झोप लागत नाही."

त्यांनी वही पुढे केली. दिवसाला पंधरा-वीस नोंदी, पहाटे तीनच्यासुद्धा. एकाखाली एक १४२, १५१, १५९ आणि शेवटी दोन रेघांनी अधोरेखित केलेला १६६. काकांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, "झोपलो... तरी... पट्टा."

अशा वेळी 'मशीन कपाटात टाका आणि विसरा' असा सल्ला नातेवाईक देतात. मला तो पटत नाही. वाढलेलं बीपी हे पक्षाघातामागचं सर्वांत मोठं, आणि आवरता येण्यासारखं कारण आहे. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाचं बीपी ताब्यात राहिलं तर दुसऱ्या झटक्याचा धोका कमी होतो. त्यामुळे काकूंची काळजी चुकीची नव्हती. मोजण्याची रीत चुकत होती.

मी म्हटलं, घरी मोजता तसंच इथे मोजून दाखवा. काकूंनी काकांच्या शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, तोही उजव्या हाताला, कारण 'दुखणं तिकडेच आहे ना'. काका पायावर पाय टाकून बसले होते, हात अधांतरी होता, आणि मशीन फुगत असताना काकू विचारत होत्या, "दुपारची गोळी घेतली होती ना तुम्ही?"

यातली प्रत्येक गोष्ट आकडा बदलते. लुळ्या हाताचे स्नायू कधी सैल, कधी ताठ असतात, तिथला आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर चांगल्या हातालाच मोजायचं. पट्टा उघड्या दंडावर हवा आणि दंडाच्या मापाचा हवा. तोकडा पट्टा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर. मोजताना बोलायचं नाही, दुसऱ्याने बोलायला लावायचंही नाही. आधी लघवीला जाऊन यायचं, कारण भरलेल्या मूत्राशयानेसुद्धा बीपी चढतं. चहा, कॉफी, तंबाखू किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास थांबायचं. आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी गोष्ट म्हणजे पट्टा बांधण्याआधी पाच मिनिटं नुसतं शांत बसणं.

हे सगळं सांभाळूनही आकडा सारखा राहत नाही. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं, तो शरीराचा स्वभाव आहे. लागोपाठ मोजलं तर पहिला आकडा बहुधा जास्त येतो आणि पुढचा उतरतो. काकांच्या वहीत मात्र तो चढत जात होता. का, ते मला समोरच दिसलं. आकडा बघून काकूंचा चेहरा उतरायचा, तो चेहरा काका बघायचे, आणि लगेच पुन्हा पट्टा फुगायचा.

मग मी काकूंना दोन प्रश्न वेगळे करून दाखवले. 'औषध पुरतंय का?' याचं उत्तर अनेक दिवसांच्या सरासरीतून मिळतं. 'आत्ता झटका येतोय का?' याचं उत्तर मशीन देतच नाही. ते लक्षणं देतात: तोंड वाकडं होणं, अचानक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं किंवा बंद होणं, एकाएकी दिसेनासं होणं, तोल जाणं. काकांचं बोलणं आधीच अडखळतं, म्हणून त्यांच्या बाबतीत खूण ही की नेहमीपेक्षा अचानक काही बिघडलं का. असं दिसलं तर आकडा १२० असो की २००, मोजत बसायचं नाही, तडक रुग्णवाहिका बोलवायची. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर ते साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्यातली दहा मिनिटंही पट्ट्यात घालवू नयेत.

उलट, लक्षण काहीच नाही पण १८०/१२० किंवा त्याहून जास्त दिसलं, तर पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजायचं, आणि तरीही तेवढंच असेल तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन करायचा. मनाने जास्तीची गोळी द्यायची नाही. बीपी एकदम खाली पाडणंही मेंदूला घातक ठरू शकतं. काकूंनी एकदा तसं केलं होतं, हे त्यांनी फार हळू आवाजात सांगितलं.

वेळा आणि लक्ष्य त्यांच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं, ते माझं काम नाही. तपासणीआधी सात दिवस, सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकी चोवीस नोंदींची सरासरी. माझी भर एवढीच की मशीन काकांच्या ताब्यात द्यायचं. डाव्या दंडाला पट्टा काकूंनी बांधायचा, बटण काकांनी उजव्या हाताने दाबायचं, आणि मोजून झालं की आकडा वाचून दाखवायचा. वाचायला वेळ लागतो. लागू दे. काकूंनी मधेच सांगून टाकायचं नाही, हे त्यांना सगळ्यात जड गेलं.

पुढच्या भेटीत सरासरी १३८/८४ निघाली. डॉक्टरांनी दिलेलं लक्ष्य १३०/८० च्या खालचं होतं, म्हणून त्यांनी एक गोळी वाढवली. काकू माझ्याकडे आल्या त्या जवळजवळ जिंकल्याच्या थाटात. "बघा, मी घाबरत होते ते खरंच होतं!" होतं की. फक्त जुन्या वहीतून ते कुणालाच कळलं नसतं. डॉक्टरांनी ती वही दोन पानं चाळून मिटली होती.

रात्रीची धास्ती अजून पूर्ण गेलेली नाही. जाग आली की काकू दिवा लावून काकांना निरखतात, एखाद वेळी हाक मारतात, त्यांनी हुंकार दिला की झोपतात. पट्ट्याला मात्र हात लावत नाहीत. सध्या नवी शंका आहे ती गोळी वाढल्यापासून उठताना येणाऱ्या चक्करेची. त्यासाठी बसून आणि मग उभं राहून, तीन मिनिटांच्या आत मोजायचं असतं. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. काकांना धरायला एक माणूस लागतो, म्हणून हे मोजमाप मुलगा घरी असेल तेव्हा करायचं ठरलंय.