चित्रातलं काही कळत नसेल, तर मुलीला घेऊन कला सप्ताहाला जाण्यात अर्थ आहे का?

नक्की जा. तुम्ही लिहिलंय की ठाण्यातल्या एका दालनात आठवडाभर भारतीय कलेचे कार्यक्रम आहेत, मुलगी नऊ वर्षांची आहे, सुट्टी एकच दिवस मिळेल, तर उद्घाटनाला जावं की नंतर.

उद्घाटन सोडा. भाषणं असतात, गर्दीत मुलांना भिंतीपर्यंत पोचता येत नाही. पत्रिकेत वारलीचं प्रात्यक्षिक कुठल्या दिवशी आहे ते बघा आणि तो दिवस धरा. तुमचा प्रश्न ‘कळण्या’चा आहे ना? चित्र होताना बघितलं की निम्मं तिथेच कळतं.

मी ठाण्यातच, चरईत राहतो. दोन वर्षांपूर्वी भाच्याला अशाच एका सप्ताहाला नेलं होतं. डहाणूकडच्या एक बाई गेरू दिलेलं कापड पसरून जमिनीवर बसल्या होत्या. वाटीत तांदळाचं पीठ, पाणी आणि थोडा डिंक. ब्रश नाही, बांबूची काडी, तिचं टोक चावून मऊ केलेलं. त्यांनी रेघ ओढली ती जवळजवळ दिसेचना. भाचा म्हणाला, "मावशी, उमटत नाहीये." त्या म्हणाल्या, "थांब, सुकू दे." थोड्या वेळाने तीच रेघ पांढरीशुभ्र होऊन वर आली. मग पुढचा तासभर तो तिथून हलला नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून माणूस, आणि अशी माणसं हातात हात घालून तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरत गेली. मी आयुष्यभर पिशव्यांवर, कपांवर वारली पाहिली होती. रेघ ओली असताना कशी दिसते हे मला पन्नाशीत कळलं.

मुलीला हेही सांगा की ही कला आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याची आहे. डहाणू, तलासरी २०१४पर्यंत आपल्या जिल्ह्यात होतं, मग पालघर वेगळा झाला. लग्नघरी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी मांडणीचं चित्र, काढायचा, त्यात लग्नाची देवी पालघट, आणि तो काढायचा मान सवाष्णींचा. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नाशिवायही, रोज, कागदावर आणि कापडावर काढली, १९७०च्या दशकात ती जगापुढे गेली. त्यांना २०११मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते गेले. राष्ट्रीय कला म्हणजे कुठेतरी दिल्लीत असणारी गोष्ट, असं मुलांना वाटू नये एवढ्यासाठी मी हे आवर्जून सांगतो.

दिल्लीतलंही काही दिसेल. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांच्या कलाकृती १९७२च्या कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा मानल्या जातात आणि विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. अशा सप्ताहात मात्र बहुतेक वेळा त्यांच्या छापील प्रतीच असतात, त्या तशाच समजून बघा. नंदलालांची हरिपुरा चित्रं असतील तर थांबा. १९३८च्या काँग्रेस अधिवेशनासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी ढोलकी वाजवणारे, सुतार, रांधणाऱ्या बायका अशी साधी माणसं रंगवली. नऊ वर्षांच्या मुलीला ती ओळखीची वाटतील.

अस्सल चित्रं बघायची असतील तर नंतर एखाद्या शनिवारी मुंबईला रीगलच्या चौकातलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय गाठा. १९११च्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६पासून आहे. सोमवारी बंद असतं, आणि रविवारी गेलात तर लोकलचा मेगाब्लॉक बघून निघा.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. आम्ही गेलो त्या दालनात चित्रांखालच्या पट्ट्या फक्त इंग्रजीत होत्या. तुमच्याकडेही तसं असेल तर अभिप्रायाच्या वहीत मराठी पट्ट्या हव्यात असं जरूर लिहा. मी लिहिलं होतं.

सोबत वही आणि शिसपेन्सिल असू द्या. आणि जमलं तर शेवटच्या संध्याकाळी अर्ध्या तासासाठी परत जा. आम्ही गेलो तेव्हा ते कापड पूर्ण होऊन भिंतीवर लागलं होतं. भाचा इकडेतिकडे न बघता थेट त्याच्यापाशी गेला आणि आपण ओल्या पाहिलेल्या बायका बोटाने मोजून मला दाखवल्या: तारप्यापासून चौथी, पाचवी आणि सहावी.