घटनेत न लिहिलेला अधिकार कोर्टाकडे आला कसा?

तुम्ही विचारलंय, काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेला कायदा रद्द करायचा अधिकार अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला घटनेच्या कोणत्या कलमाने दिला? कोणत्याच नाही. तिथल्या घटनेचं न्यायालयांबद्दलचं तिसरं कलम एकदा वाचाच, पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या घटनेत कलम १३ मध्ये मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा शून्य ठरेल असं सरळ लिहिलंय, म्हणून आपल्याला ते तिथेही असेलच असं वाटतं.

तो अधिकार आला १८०३ च्या मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यातून. निवडणूक हरलेल्या अध्यक्ष ॲडम्स यांनी जाता जाता राजधानीसाठी ४२ ‘जस्टिस ऑफ द पीस’, म्हणजे किरकोळ खटले चालवणारे स्थानिक न्यायाधीश, नेमले. नेमणूकपत्रांवर सह्या झाल्या, शिक्के बसले, पण काही पत्रं पोचवायचीच राहून गेली. ४ मार्च १८०१ ला जेफरसन अध्यक्ष झाले आणि त्यांनी ती अडवली. पत्र न मिळालेले विल्यम मार्बरी नवे परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांच्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरन्यायाधीश होते जॉन मार्शल, आणि पत्रं राहिली होती त्यांच्याच हाताखाली, कारण ॲडम्स यांच्या काळात ती पोचवायची जबाबदारी असलेले परराष्ट्रमंत्रीही तेच होते! माझ्या मते त्यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं.

निकाल मात्र बारकाईने वाचण्यासारखा आहे. मार्बरींचा हक्क खरा, पत्र अडवणं बेकायदा, हे मार्शलनी ठणकावून सांगितलं. पण परमादेश, म्हणजे पत्र द्याच असा सरकारला हुकूम, काढला आणि सरकारने तो जुमानला नाही, तर? कोर्टाच्या हाती ना तलवार ना तिजोरी, हे घटनेच्या शिल्पकारांपैकी एक, हॅमिल्टन यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मग मार्शल म्हणाले: असा अर्ज थेट आमच्याकडे आणायची मुभा १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यात आहे, पण घटनेने आखलेल्या आमच्या मूळ अधिकारक्षेत्रात, म्हणजे थेट आमच्याकडे सुरू होणाऱ्या खटल्यांच्या यादीत, काँग्रेसला भर घालता येत नाही. सबब ती तरतूदच रद्द. मार्बरींना पद मिळालं नाही, आणि जेफरसनना मोडायला हुकूमच उरला नाही.

या अधिकारातून नेहमी न्यायच झाला असं मात्र समजू नका. केंद्राचा कायदा कोर्टाने पुन्हा रद्द केला तो १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यात, आणि त्यात कृष्णवर्णीयांना नागरिकत्वच नाकारलं. तो कलंक पुसायला यादवी युद्ध आणि १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती लागली.

अध्यक्षांनी निकाल मानलाच नाही तर, हा तुमचा दुसरा प्रश्न. २४ जुलै १९७४ ला कोर्टाने ८-० ने सांगितलं, अध्यक्ष निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणात मागितलेल्या, त्यांच्या संभाषणांच्या ध्वनिफिती द्याव्यात. कोर्टाकडे एक शिपाईही पाठवायला नव्हता. त्यांनी त्या दिल्या, आणि ९ ऑगस्टला पद सोडलं.