चौथं ॲप नको, 'काम कोणाकडे अडलंय' ते लिहा

तुम्ही लिहिलंय की सांगलीत कर सल्लागारांच्या ऑफिसात लागून सहा महिने झाले, ४० क्लायंट तुमच्याकडे आहेत, मोबाईलवर कामाच्या यादीची तीन ॲप झाली, तरी दर महिन्याला काहीतरी राहतंच. आता कोणतं ॲप घ्यावं, असा प्रश्न आहे. मी कोल्हापुरात हेच काम १८ वर्षं करतेय आणि माझं मत स्पष्ट आहे: चौथं ॲप घेऊ नका. "यादीत काम असतं, पण ते पुढेच सरकत नाही," हे तुमचंच वाक्य आहे. दुखणं तिथंच आहे.

आपल्या कामातलं फार थोडं आपल्या हातात असतं. बिलं क्लायंटकडून यायची, शंका सरांनी बघायची, ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जाणार आणि मालक नेमके लग्नाला गेलेले. अशा कामाला 'झालं' आणि 'राहिलं' या दोन खुणा पुरत नाहीत. कोणामुळे राहिलं ते दिसायला हवं.

म्हणून साधी गूगल शीट उघडा. एका क्लायंटचं एका महिन्याचं एक काम, म्हणजे एक ओळ. रकाने इतकेच: क्लायंट, काम, महिना, शेवटची तारीख, कोणाकडे अडलंय, कधीपासून, पुढे काय करायचं. 'कोणाकडे अडलंय' या रकान्याला ड्रॉप-डाउन लावा आणि त्यात पाचच पर्याय ठेवा: क्लायंट, मी, सर, ओटीपी आणि भरलं. हा रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही. काम संपलं तरच तिथं 'भरलं' येईल. 'कधीपासून'ला तीन दिवस उलटले की ओळ पिवळी व्हावी, असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावून घ्या. सकाळी आल्यावर आधी 'मी' हा फिल्टर लावा, ते आपलं दिवसाचं काम. मग 'क्लायंट' लावा, ते फोन करायचे. सरांसमोर बसायची वेळ आली की 'सर' लावा, सगळ्या शंका एका बैठकीत सुटतात. माझा दिवस या तीन फिल्टरवर चालतो.

हे मी ठेच खाऊन शिकले. शिरोली एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवाल्यांनी रात्री ११ वाजता विक्रीच्या एका बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. मी तो बघितला, 'ओके दादा' लिहिलं आणि झोपले. सकाळपर्यंत त्यावर शुभेच्छांचे आणि ग्रुपचे ढीगभर मेसेज आले. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीची बिलं दाखवायचा रिटर्न, भरला, त्यात ते बिल नव्हतं. १४ तारखेला खरेदीदाराचा २बी, म्हणजे त्यांना कोणत्या बिलांवरचा कर वजा करून मिळेल ते दाखवणारा तक्ता, तयार झाला. त्यात बिल दिसलं नाही, म्हणजे त्या महिन्यात त्यांना त्याचं क्रेडिट, म्हणजे ती करवजावट, नाही. त्यांनी वर्कशॉपचं पेमेंट थांबवलं. बिल पुढच्या महिन्यात दाखवलं, पण दादांना कामगारांचे पगार उसनवारी करून द्यावे लागले. मला ते अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: व्हॉट्सॲपवर आलेलं बिल व्हॉट्सॲपवर राहत नाही. त्याच दिवशी ते गूगल ड्राइव्हमधल्या त्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये जातं. फोटो बरेच दिवस उघडला नाही तर नंतर डाउनलोड होत नाही आणि क्लायंटला परत मागावा लागतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. फाइलचं नाव मात्र विचार करून द्या. 'एप्रिल', 'मे' असं लिहिलं तर अक्षरांच्या क्रमाने महिने कुठेही जाऊन बसतात. नुसता महिन्याचा आकडा लिहिला तर जानेवारी वर येतो आणि आपलं वर्ष तर एप्रिलला सुरू होतं. '२०२५-०४-विक्री' असं वर्ष आधी, महिना नंतर लिहिलं की एप्रिल ते मार्च आपोआप ओळीत लागतात. व्हॉट्सॲप बिझनेस वापरत असाल तर चॅटला दोन लेबलं पुरतात, 'बिलं आली' आणि 'ड्राइव्हला टाकली'.

तारखांसाठी गूगल कॅलेंडर घ्या, पण त्यात शेवटची तारीख एकटी टाकू नका. ११ तारखेला आठवण येऊन काय उपयोग? त्या दिवशी जीएसटीचं पोर्टलही अडखळतं. मी दरमहा परत येणाऱ्या नोंदी अशा ठेवल्यात: १ तारखेला बिलं मागा, ५ ला राहिलेल्यांना फोन, ९ ला जीएसटीआर-१ भरून मोकळं व्हा. टीडीएस भरायची ७, पीएफची १५ आणि ३बीची (जीएसटीचा कर भरायचा रिटर्न) २० या तारखांनाही तशाच मागच्या पायऱ्या आहेत. तिमाही रिटर्नवाल्यांना वेगळा रंग द्या. त्यांची पहिल्या दोन महिन्यांची विक्री बिलं पुढच्या महिन्याच्या १३ पर्यंत आयएफएफने (तिमाहीवाल्यांसाठी पोर्टलवर असलेली बिलं चढवायची सोय) चढवता येतात, आणि ३बी आपल्या महाराष्ट्रात तिमाही संपल्यावर २२ ला. महिन्याचे आणि तिमाहीचे क्लायंट एका रंगात ठेवले की गोंधळ ठरलेला. दर सोमवारी 'नोटिसा बघा' अशीही एक नोंद हवी. पोर्टलवर नोटिसांसाठी 'ॲडिशनल' नावाचा आणखी एक टॅब आहे, तोही उघडायचा, तो बघायचा फार जणांकडून राहतो.

पासवर्ड या शीटमध्ये लिहू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर वापरा आणि सरांनाही त्यात घ्या.

सगळे ४० क्लायंट आणि सगळी कामं एकदम चढवायला जाऊ नका, दमून सोडून द्याल. या महिन्याच्या फक्त जीएसटीआर-१ च्या ओळी घाला. ९ तारखेला भरायला बसण्याआधी शीट उघडा आणि 'क्लायंट' या शब्दावर कोण सगळ्यात जास्त दिवस अडलंय ते बघा. चार-पाच नावं निघतील, आणि बहुधा दर महिन्याला तीच. पुढच्या महिन्यात त्यांना ५ ची वाट न बघता २ तारखेलाच फोन लावा.