गुलमर्गला ऑफ-पिस्ट, म्हणजे आखलेल्या मार्गांबाहेर, स्कीवरून उतरताना जोराचा बर्फ सुरू झाला, तर हिमस्खलनाचा धोका कसा ओळखायचा? बर्फात खड्डा खणून थरांची चाचणी घ्यावी का?

त्या वेळी खड्डा खणत बसू नका. चाचणीचा निकाल त्या जागेपुरता आणि त्या तासापुरताच असतो. तासाला दोन-तीन सेंटिमीटर बर्फ पडतोय, वर वाराही आहे, अशा वेळी थोड्याच अंतरावरचा थर वेगळा निघतो.

वादळात मी दोनच गोष्टी बघतो: पायाखालचा उतार किती आहे आणि डोक्यावर काय आहे. थर तुटून येणारी बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुरू होतात. त्याहून सौम्य उतारावर ती सहसा सुरू होत नाहीत, पण वरून येऊन तुम्हाला गाठू शकतात. त्यामुळे नाळेचं, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीचं, तोंडही टाळायचं. पांढऱ्या अंधारात यातलं काहीच दिसत नाही, म्हणून वाट आदल्या संध्याकाळी नकाशावर ठरवावी लागते.

चोवीस तासांत 30 सेंटिमीटर नवा बर्फ पडला, तर माझ्यासाठी तेवढा पुरावा पुरे. वारा त्यात भर घालतो. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या उघड्या धारेवरचा बर्फ उचलून तो आडोशाच्या बाजूला टाकतो आणि तिथला थर आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. स्कीखालून भेग पळत गेली, पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा शेजारच्या उतारावर ताजं स्खलन दिसलं, तर तिथेच बेत रद्द. मात्र यातलं काहीच दिसलं नाही म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही.

काश्मीरमध्ये मोसमाचा इतिहासही बघा. सुरुवातीचा बर्फ लांबलेल्या कोरड्या थंडीत राहिला, की त्याचे एकमेकांना न धरणारे सुटे दाणे होतात. नंतरचा जड बर्फ त्यांच्यावर बसतो, आणि असा थर वादळानंतर कित्येक दिवस धोकादायक राहतो. 2024 चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडा गेला, फेब्रुवारीत जोरदार हिमवृष्टी झाली, आणि 22 फेब्रुवारीच्या हिमस्खलनात एका रशियन स्कीअरचा जीव गेला. कोरड्या जानेवारीनंतर मला तरी वरचे उतार नको वाटतात.

डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा जिल्हावार असतो. गुलमर्ग बारामुल्लात येतं. त्याशिवाय स्की पेट्रोलचा (उतारांच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पथकाचा) त्या दिवसाचा फलक वाचा आणि त्यांच्याशी बोला. ते फक्त आखलेला भाग सांभाळतात, त्यापलीकडचे उतार कोणी मोकळे करून ठेवत नाही.

स्कीइंग करायचंच असेल, तर बाबा रेशीच्या बाजूच्या जंगलातले सौम्य उतार निवडा. नुसती झाडं आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका, स्की करण्याइतकी विरळ झाडी बर्फ अडवून धरत नाही. एकेकाने उतरा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवा. ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा शोधणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर फार थोडे वाचतात. खालून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून शोधायचं आणि खणायचं काम तुमच्या सोबत्यांनाच यायला हवं.